रग्बी लीगमध्ये नवा क्लब आणि नवं स्टेडियम: कशाच्या आधी काय करायचं

रग्बी लीगमध्ये नवा क्लब जाहीर झाला की चर्चा रंगते ती नाव, जर्सी आणि प्रशिक्षक यांवर. क्लब टिकणार की नाही हे मात्र बऱ्याच आधी, तीन करारांत ठरतं. पाहुण्या संघाची विमानाची तिकिटं कोण काढणार, स्टेडियममधल्या खाण्यापिण्याचे आणि पार्किंगचे पैसे कुणाकडे जाणार, आणि पहिल्या दोन वर्षांत दर्जेदार हाफबॅक, म्हणजे संघाचा डाव आखणारा खेळाडू, कुठून आणणार. ऑस्ट्रेलियातली नॅशनल रग्बी लीग, म्हणजे एनआरएल, सध्या वाढते आहे. 2023 मध्ये डॉल्फिन्स हा 17वा संघ आला. 2027 साठी पर्थ बेअर्स आणि 2028 साठी पापुआ न्यू गिनीचा चीफ्स, हे 18वा आणि 19वा संघ म्हणून ठरले. त्याआधी 1990च्या दशकात या लीगच्या पूर्वीच्या स्पर्धेनं एका दमात चार क्लब घेतले आणि त्यातले दोन तीन हंगामांत बंद पडले. तेव्हाच्या चुका आणि आताची पद्धत शेजारी ठेवल्या की कामाचा क्रम बऱ्यापैकी स्पष्ट होतो.

खेळाशी ओळख नसेल त्यांच्यासाठी एवढंच: रग्बी लीग हा 13 जणांचा खेळ आहे, 15 जणांचा रग्बी युनियन वेगळा. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे त्याचा खेळाडू सहा वेळा पकडून पाडला जाईपर्यंत चेंडू त्याच्याकडे राहतो, मग चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक सहा टॅकलच्या फेरीत डाव आखणारे तीन-चार खेळाडू फार मोलाचे ठरतात. पुढे संघबांधणीत हा मुद्दा पुन्हा येईल.

आधी वेळापत्रक मांडा

शहर निवडण्याआधी कागदावर सामने मोजा. 17 संघ असताना एनआरएलमध्ये प्रत्येक संघ 27 फेऱ्यांत 24 सामने खेळतो आणि त्याला तीन बाय, म्हणजे सामना नसलेल्या फेऱ्या, मिळतात. एकूण सामने 17 गुणिले 24 भागिले 2, म्हणजे 204. संघांची संख्या विषम असल्यामुळे दर फेरीत किमान एक संघ घरी बसतो आणि एका फेरीत जास्तीत जास्त 8 सामने होतात.

18वा संघ आला की 24 सामन्यांच्याच हिशेबानं एकूण आकडा 216 होतो आणि फेरीत 9 सामने बसू शकतात. हा नववा सामनाच विस्ताराचं खरं उत्पन्न आहे, कारण प्रक्षेपणवाले संघांचे पैसे देत नाहीत, सामन्यांचे देतात. 19 संघांवर एकूण 228 सामने होतात, पण पुन्हा विषम संख्या, पुन्हा सक्तीचा बाय, आणि फेरीतले सामने नऊच. 20 संघांवर 240 सामने आणि फेरीत 10. म्हणून 19 या आकड्यावर फार काळ थांबणं लीगला परवडत नाही. 18वा आणि 19वा संघ ठरवतानाच 20व्याचा विचार डोक्यात हवा.

नववा सामना टीव्हीवर कुठल्या वेळेला बसणार, हेही इथंच बघायचं. पर्थ सिडनीच्या दोन तास मागे आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत सिडनीत घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा हा फरक तीन तासांचा होतो. हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. म्हणजे मार्चमध्ये पर्थला संध्याकाळी साडेसातला सामना ठेवला तर सिडनीत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि पर्थला साडेपाचला ठेवला तर सिडनीत साडेआठ. एप्रिलनंतर पर्थचे साडेपाच म्हणजे सिडनीचे साडेसात, ही मात्र उत्तम वेळ. पोर्ट मोर्स्बीचं घड्याळ ब्रिस्बेनशी जुळतं, तिथे ही अडचण नाही. न्यूझीलंड उलट दोन तास पुढे आहे, त्यामुळे ऑकलंडचा संध्याकाळचा सामना सिडनीत उजेडातच सुरू होतो. शहराचा अर्ज वाचताना हा तक्ता शेजारी हवा. प्रक्षेपण करार झाल्यावर वेळ जुळत नाही असं लक्षात आलं तर दुरुस्तीला जागा उरत नाही.

शहर: तयार जमीन की नवी जमीन

उमेदवार शहरं दोन प्रकारची असतात. पहिल्यात रग्बी लीग आधीच रुजलेला असतो आणि प्रश्न एवढाच असतो की आणखी एका क्लबला जागा आहे का. ब्रिस्बेन हे त्याचं उदाहरण. तिथे 1995 मध्ये साऊथ क्वीन्सलँड क्रशर्स हा दुसरा संघ आणला गेला आणि 1997 नंतर तो संपला. त्याच शहराच्या उत्तर टोकाला, रेडक्लिफला, डॉल्फिन्स उभे राहिले. फरक मुळांचा होता. रेडक्लिफचा क्लब 1947 पासून चालू होता. त्याचं स्वतःचं मैदान, सदस्यांचा क्लब, मैदानालगतचं व्यापारी संकुल आणि कनिष्ठ गटांतली मुलं, हे सगळं एनआरएलचा परवाना मिळायच्या आधीच होतं. क्रशर्सना हे सगळं शून्यातून उभं करायचं होतं, आणि तेसुद्धा त्याच वेळी पेटलेल्या सुपर लीग वादात, म्हणजे मूळ लीग आणि ऑस्ट्रेलियातलीच सुपर लीग ही बंडखोर स्पर्धा यांच्या भांडणात, जेव्हा खेळाडूंचे पगार अवाच्या सवा वाढले होते.

पापुआ न्यू गिनी याच गटात येतं. रग्बी लीग तिथला राष्ट्रीय खेळ मानला जातो. 2014 पासून पीएनजी हंटर्स हा संघ क्वीन्सलँड कप या एनआरएलखालच्या स्पर्धेत खेळतो आणि 2017 मध्ये त्यानं तो जिंकलाही. तिथे प्रेक्षक शोधायला लागणार नाहीत. तिथला प्रश्न वेगळा आहे: बाहेरचे खेळाडू कुटुंबासह पोर्ट मोर्स्बीत राहायला तयार होतील का. म्हणूनच सुरक्षित निवाससंकुल आणि खेळाडूंना करमाफी हे विषय मैदानाच्याही आधी पटलावर आले.

दुसऱ्या प्रकारात जमीन नवी असते. मेलबर्न आणि पर्थ ही ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या वेगळ्याच खेळाची शहरं. मेलबर्न स्टॉर्म 1998 मध्ये आला आणि दुसऱ्याच हंगामात, 1999 मध्ये, विजेता झाला. हे यश पाहून 'नव्या शहरातही चटकन जमतं' असा निष्कर्ष काढू नका. स्टॉर्मच्या पहिल्या संघातले बरेच खेळाडू नुकत्याच बंद पडलेल्या पर्थ रेड्स आणि हंटर मरिनर्स या क्लबांतून आले होते, आणि तोटा सोसणारा श्रीमंत मालक अनेक वर्षं पाठीशी होता. या दोन गोष्टी नसतील तर नव्या जमिनीसाठी किमान दहा वर्षांचा पैसा बाजूला काढा.

ॲडलेड रॅम्सची गोष्ट इथं लक्षात घ्यावी. 1997 मध्ये त्यांच्या पहिल्या घरच्या सामन्याला 27 हजारांहून अधिक लोक आले, आणि 1998 नंतर क्लब बंद झाला. पहिल्या सामन्याची गर्दी कुतूहलाची असते. हिशेबात सहाव्या-सातव्या घरच्या सामन्याची गर्दी धरायची. तोवर हंगाम हिवाळ्यात पोचलेला असतो आणि संघ चार-पाच सामने हरलेलाही असतो.

परवान्याच्या करारात काय लिहायचं

वेस्टर्न रेड्स (पुढे पर्थ रेड्स) हा पर्थचा संघ 1995 मध्ये दाखल झाला तेव्हा पाहुण्या संघांच्या प्रवासाचा खर्चही त्यानंच उचलायचा अशी अट घालण्यात आली. पूर्वेकडच्या क्लबांना पर्थची खेप महाग पडू नये हा तेव्हाचा विचार. हा खर्च किती होतो ते मोजून बघा. एका संघाबरोबर खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ आणि सामान सांभाळणारे धरून 30 जण निघतात असं माना. आजच्या वेळापत्रकाच्या हिशेबानं पर्थमधल्या 12 घरच्या सामन्यांना येणारे पाहुणे म्हणजे 360 परतीची तिकिटं, प्रत्येकी पाच तासांच्या विमानाची, वर दोन रात्रींचं हॉटेल. स्वतःच्या बाहेरच्या 12 सामन्यांची आणखी 360. म्हणजे बोजा दुप्पट. त्यात सुपर लीगच्या भांडणातले वाढलेले पगार, आणि तीन हंगामांत क्लब संपला.

आताच्या करारांत हे ओझं वेगळ्या खांद्यांवर दिसतं. पर्थ बेअर्ससाठी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य सरकारनं सात वर्षांत 6.5 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत मदत कबूल केली. पापुआ न्यू गिनीच्या संघासाठी आणि पॅसिफिकमधल्या रग्बी लीगसाठी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं दहा वर्षांत 60 कोटी डॉलर ठेवले. सरकारी पैसा आला म्हणजे चिंता मिटली असं नव्हे. त्याला मुदत असते आणि अटी असतात. आठव्या किंवा अकराव्या वर्षी तो थांबेल तेव्हा ती जागा कशानं भरायची, हे पहिल्याच वर्षीच्या आराखड्यात आलं पाहिजे.

करारात निदान पुढच्या गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात. दोन्ही बाजूंचा प्रवासखर्च लीगच्या मध्यवर्ती निधीतून जाईल की क्लबकडून, आणि तिकिटांचे दर वाढले तर फरक कोण देईल. लीगच्या वार्षिक अनुदानात नव्या क्लबला पहिल्या वर्षापासून पूर्ण वाटा मिळेल का. पहिला सामना होण्याआधीच्या काळात, जेव्हा तिकीटविक्री शून्य असते पण प्रशिक्षक, वैद्यकीय पथक, विक्री विभाग आणि कार्यालय यांचे पगार चालू असतात, तो खर्च कुठल्या खात्यातून होईल. बऱ्याच अर्जांत हा शेवटचा रकानाच नसतो, आणि क्लब पहिली शिट्टी वाजायच्या आधीच कर्जात जातो.

मालक एकटा असेल तर बँक हमी मागा. कॅनडाचा टोरोंटो वुल्फपॅक इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये 2020 ला पोचला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, महासाथीच्या काळात, हंगाम अर्धवट सोडून बाहेर पडला. त्याचे झालेले निकालही रद्द करावे लागले. एक क्लब कोसळला की बाकीच्या सगळ्यांचं वेळापत्रक आणि गुणतक्ता बिघडतो, म्हणून हमीचा आग्रह इतर क्लबांनीच धरला पाहिजे.

अर्ज तपासायला इंग्लंडची गुणपद्धत उपयोगी पडते. तिथे क्लबला 20 पैकी गुण मिळतात: चाहतावर्गाला 5, मैदानावरच्या कामगिरीला 5, आर्थिक स्थितीला 4.5, स्टेडियमला 3 आणि परिसराला 2.5. 15 च्या पुढे गेलेला क्लब अ श्रेणीत. आकडे जसेच्या तसे उचलायची गरज नाही, पण स्टेडियमला 3 आणि पैशाला 4.5 हे प्रमाण योग्य आहे. स्टेडियमची सुंदर चित्रं पाहून निवड समिती भाळते, हा धोका अशा तक्त्यानं कमी होतो.

स्टेडियम

रग्बी लीगचं मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत 100 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. दोन्ही टोकांना इन-गोलची, म्हणजे गोलरेषेमागची, 6 ते 11 मीटर पट्टी. म्हणजे जास्तीत जास्त 122 बाय 68. चारही बाजूंना 5 मीटर मोकळी जागा धरली तर 132 बाय 78, सुमारे 10,300 चौरस मीटर हिरवळ. गोलपोस्टच्या दोन खांबांत 5.5 मीटर अंतर, आडवा दांडा 3 मीटर उंचीवर. फुटबॉलचं मैदानही साधारण 105 बाय 68 असतं, म्हणून एकाच आयताकृती स्टेडियममध्ये दोन्ही खेळ आरामात बसतात.

गोल मैदान हा ऑस्ट्रेलियातला कायमचा मोह आहे, कारण ते तयार असतं आणि भव्य असतं. पर्थच्या 60 हजारी ऑप्टस स्टेडियमची हिरवळ 130 मीटर रुंद आहे. तिथे मध्यभागी 68 मीटरचं मैदान आखलं की प्रत्येक बाजूच्या पहिल्या रांगेत आणि साइडलाइनमध्ये किमान 31 मीटर अंतर पडतं. वर्षातून एखादा स्टेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांमधला, सामना तिथे दणक्यात होतो, स्टेडियम भरतं, अंतर जाणवत नाही. पण लीगच्या नेहमीच्या सामन्याला 15 हजार लोक आले तर तीन-चतुर्थांश खुर्च्या रिकाम्या, आणि जे आलेत ते टॅकलच्या आवाजापासून 31 मीटर दूर. टीव्हीवरही तेच रिकामेपण दिसतं. त्यामुळे क्लबचं घर एचबीएफ पार्क ठरलं. ते आयताकृती आहे आणि त्याची क्षमता 20,500 आहे.

क्षमता ठरवताना लीगची अलीकडची सरासरी, म्हणजे 20 हजारांच्या आसपास प्रेक्षक, हा आधार घ्या. नव्या क्लबसाठी 20 ते 25 हजार खुर्च्या पुरतात. 30 हजारांच्या वर जायचं तर शेजारी दुसरा भाडेकरू हवा. टाउन्सव्हिलचं नवं स्टेडियम 2020 मध्ये 25 हजार क्षमतेचं बांधलं गेलं, पॅरामॅटाचं 2019 मध्ये 30 हजारांचं, आणि तिथे पॅरामॅटा ईल्सबरोबर इतर संघही खेळतात. खर्चाचा अंदाज यावा म्हणून: पॅरामॅटाला सुमारे 36 कोटी डॉलर लागले, तर सिडनीच्या मूर पार्कमधल्या 42,500 क्षमतेच्या स्टेडियमला 82.8 कोटी. खुर्च्या दीडपटही झाल्या नाहीत, पैसे दुपटीहून जास्त लागले. साल वेगळं, जागा वेगळी हे खरं, तरी मोठं छत, मोठे स्टँड आणि शहराच्या मध्यातली जागा यांचा भाव असा चढत जातो.

आराखड्यात बघायच्या गोष्टी:

मैदान उत्तर-दक्षिण लावा आणि मुख्य स्टँड पश्चिमेला ठेवा. दुपारच्या सामन्यात सूर्य पश्चिमेच्या प्रेक्षकांच्या आणि कॅमेऱ्यांच्या पाठीशी येतो. उलट केलंत तर सगळ्यात महाग खुर्च्यांवर ऊन आणि चित्रावर चकाकी.

स्टँडचा चढ तीव्र ठेवा. पॅरामॅटात तो 34 अंशांपर्यंत नेला आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही मैदान जवळ वाटतं. चढ वाढला की पायऱ्यांना कठडे आणि रांगेच्या टोकाला हातधरणी लागतात, ते खर्चात आधीच धरा.

कपडे बदलायच्या खोल्या चार हव्यात, दोन नव्हे. महिलांची लीग 2018 मध्ये 4 संघांनी सुरू झाली आणि 2025 मध्ये 12 वर पोचली. एकाच दिवशी दोन सामने लागले की दोन खोल्यांत चार संघ मावत नाहीत, आणि बांधून झालेल्या स्टँडच्या पोटात नव्या खोल्या काढणं फार महाग पडतं.

हिरवळीखालच्या निचऱ्यात काटकसर नको. एचबीएफ पार्कवर फुटबॉलचा पर्थ ग्लोरी आणि रग्बी युनियनचा वेस्टर्न फोर्स आधीच खेळतात. युनियनच्या स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकाच जागी बुटांचे खिळे रोवून रेटा देतात, तिथली मुळं उपटली जातात. चार दिवसांनी त्याच चकत्यांवर लीगचा सामना लागला की वळताना पाय सरकतो आणि गुडघे दुखावतात. तिन्ही भाडेकरूंचे हंगाम मार्च ते मे या काळात एकमेकांवर येतात. त्यामुळे दोन सामन्यांत किमान किती दिवसांचं अंतर ठेवायचं, हिरवळ बदलायची वेळ आली तर पैसे कोण देणार, आणि आधीच्या खेळाचे पांढरे पट्टे कुणी धुवायचे, हे भाडेकरारात लिहा. पट्ट्यांचं क्षुल्लक वाटतं, पण कॅमेऱ्यासमोर दोन खेळांच्या रेषा एकत्र आल्या की साइडलाइन कुठली तेच कळत नाही.

भाडेकराराचा गाभा मात्र पैशाचा. एक साधं उदाहरण घ्या. समजा सामन्याच्या दिवशी स्टेडियम उघडायचा ठरावीक खर्च, म्हणजे सुरक्षा, सफाई, वीज, तिकीटखिडक्या, 3 लाख डॉलर आहे. प्रत्येक प्रेक्षकामागे क्लबच्या हाती तिकिटाचे निव्वळ 25 डॉलर येतात. तर 12 हजार प्रेक्षकांवर क्लब कुठे बरोबरीत येतो. खाणंपिणं, पार्किंग आणि जाहिरात फलकांतला वाटा मिळून माणशी आणखी 5 डॉलर मिळाले तर तोच आकडा 10 हजारांवर येतो. हे 2 हजार प्रेक्षक पावसाळी रविवारी क्लबला तारतात. स्टेडियम चालवणारी संस्था हा वाटा सहजासहजी सोडत नाही, म्हणून शहर निवडण्याआधी, शर्यतीत दोन शहरं असतानाच बोलणी उरकायची.

आता बांधकाम आणि पहिला सामना यांची सांगड. नव्या क्लबनं पहिला हंगाम नव्या, अजून पुऱ्या न झालेल्या स्टेडियमवर अवलंबून ठेवू नये. नॉर्थ सिडनी बेअर्सचं काय झालं ते बघा. 1908 पासूनचा हा क्लब गॉसफर्डला, नव्या बांधल्या जाणाऱ्या स्टेडियमवर, 1999 मध्ये हलणार होता. पावसानं काम रखडलं, क्लब घराविना राहिला, देणी वाढली आणि 1999 अखेर स्वतंत्र क्लब म्हणून तो लीगबाहेर गेला. गॉसफर्डचं स्टेडियम 2000 मध्ये उघडलं. तेच बेअर्स हे नाव आता पर्थच्या क्लबला मिळालं आहे.

याच्या उलट गोल्ड कोस्ट टायटन्स. ते 2007 चा पहिला हंगाम कॅरारा या भागातल्या जुन्या मैदानावर खेळले आणि रॉबिनाचं 27 हजारांचं नवं स्टेडियम 2008 मध्ये तयार झाल्यावर तिकडे गेले. काम सहा महिने लांबलं असतं तरी एकही सामना अडला नसता. हाच क्रम धरावा: पहिला हंगाम, जमल्यास दुसराही, असलेल्या मैदानावर, आणि नवं स्टेडियम त्यानंतर.

उलटी मोजणी

डॉल्फिन्सची निवड ऑक्टोबर 2021 मध्ये झाली आणि पहिला सामना 5 मार्च 2023 ला, म्हणजे हाती जेमतेम 17 महिने होते. पर्थला मे 2025 ते मार्च 2027, सुमारे 22 महिने. पापुआ न्यू गिनीला डिसेंबर 2024 पासून तीन वर्षांहून अधिक. 17 महिने कमीच पडतात. सगळ्यात मोठं कारण 1 नोव्हेंबर.

एनआरएलमध्ये कराराचं शेवटचं वर्ष उरलेल्या खेळाडूशी इतर क्लब 1 नोव्हेंबरपासूनच बोलू शकतात. 2023 च्या संघासाठी ही तारीख म्हणजे 1 नोव्हेंबर 2021, डॉल्फिन्सच्या निवडीनंतर तीन आठवड्यांच्या आत. त्या तारखेला क्लबकडे मुख्य प्रशिक्षक, खेळाडू निवडणारा अधिकारी, आणि खेळाडूच्या घरच्यांना दाखवायला सरावाची जागा, शाळा आणि घरांची यादी, एवढं तयार हवं. यातलं एकही नसेल तर एजंट तुमचा प्रस्ताव घेऊन जुन्या क्लबकडे जातो आणि तिथे पगार वाढवून घेतो.

म्हणून मागून मोजा. पहिल्या सामन्याच्या 22 महिने आधी घोषणा, 20 महिने आधी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य प्रशिक्षक. 16 महिने आधी 1 नोव्हेंबरची खिडकी उघडते. 12 महिने आधी सदस्यनोंदणी आणि जर्सीचा प्रायोजक. 6 महिने आधी सरावकेंद्र वापरात. 4 महिने आधी, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, संघ सरावाला लागतो. सरावकेंद्र वेळेत झालं नाही तर उसनं मैदान आणि तंबूतली जिम यावर पहिली तयारी निघते. तसं केलेले क्लब आहेत, पण जुळून आलेला संघ नसताना ही कसर जास्त जाणवते.

30 खेळाडू

वरिष्ठ यादीत 30 जण असतात, शिवाय काही विकसनशील खेळाडू. पगार वेतनमर्यादेत बसवायचे असतात. नवा क्लब हमखास एक चूक करतो: एका तारांकित खेळाडूमागे महिनोन् महिने धावतो आणि तोवर मधल्या फळीतले पंधरा चांगले खेळाडू दुसरीकडे सही करून मोकळे होतात.

फुलबॅक, फाइव्ह-एट, हाफबॅक आणि हुकर या चौघांना स्पाइन म्हणतात. असे पहिल्या दर्जाचे खेळाडू मोजकेच आहेत आणि ज्यांच्याकडे ते आहेत ते क्लब सोडत नाहीत. 17 वरून 19 संघ झाले की आणखी आठ जण लागतात, आणि ते एका रात्रीत तयार होत नाहीत. डॉल्फिन्सचे तेव्हाचे प्रशिक्षक वेन बेनेट यांनी काय केलं ते अभ्यासण्यासारखं आहे. फॉरवर्डमध्ये त्यांनी अनुभव विकत घेतला: मेलबर्न स्टॉर्मकडून फेलिस कौफुसी, जेसी ब्रॉमविच आणि केनी ब्रॉमविच. हाफमध्ये इसाया कटोआ या 19 वर्षांच्या मुलाला खेळवलं. फुलबॅकला हामिसो ताबुआई-फिडोला आणलं. त्यांनी पहिल्याच सामन्यात सिडनी रूस्टर्सला 28-18 हरवलं, पहिले तिन्ही सामने जिंकले, आणि हंगामाअखेर 9 विजय घेऊन 13वे राहिले. पहिल्या वर्षाची ही उत्तम कामगिरी आहे. कणखर फॉरवर्ड नव्या संघाला मार खाण्यापासून वाचवतात, तोवर हाफ शिकतो.

दुसरी फळी कुठे खेळणार हेही ठरवा. पर्थ बेअर्सना न्यू साऊथ वेल्स कप या दुय्यम स्पर्धेतल्या नॉर्थ सिडनीच्या संघाचा आधार आहे, पण तो सिडनीत. पर्थमधून वगळलेला खेळाडू सामना खेळायला पाच तास उडतो, सोमवारी परत सरावाला येतो, आणि त्याचं शरीर आठवडाभर सावरत नाही. दोन्ही टोकांना सरावाची सोय ठेवणं आणि दर आठवड्याला फार तर तीन-चार जणांनाच पाठवणं, एवढं पाळलं तर नुकसान आटोक्यात राहतं. कनिष्ठ मुलांसाठी 17 आणि 19 वर्षांखालचे संघ पहिल्या हंगामाच्या आधीच सुरू करा. आज 15 वर्षांचा असलेला मुलगा पाचव्या हंगामात तुमच्या वरिष्ठ संघात येतो. ही फळी नसेल तर क्लब कायम दुसऱ्यांच्या उरलेल्या खेळाडूंवर जगतो.

नव्या कर्मचाऱ्यांकडून साध्या चुका होतात, त्याची तयारी करा. ऑकलंड वॉरियर्सनी 1995 च्या पहिल्याच हंगामात एका सामन्यात नियमापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवले. दोन गुण कापले गेले आणि त्या वर्षी पहिल्या आठांत जागाही मिळाली नाही. बदलीची नोंद ठेवायला एकच जबाबदार माणूस, हातात छापील तक्ता, आणि त्याची पडताळणी करणारा दुसरा माणूस, एवढी व्यवस्था सराव सामन्यांपासूनच लावा.

करारांची मुदत सगळ्यांत शेवटी, पण आवर्जून बघा. सगळे 30 खेळाडू एकाच वर्षी येतात, म्हणून सगळ्यांना दोन-दोन वर्षं देण्याकडे कल असतो. मग दुसऱ्या हंगामात 30 जण एकाच वेळी मोकळे होतात आणि पहिल्या हंगामानंतरच्या 1 नोव्हेंबरपासून बाकीचे सगळे क्लब त्यांच्याशी बोलू लागतात. त्याऐवजी आठ जणांना एक वर्ष, दहा जणांना दोन, आठ जणांना तीन आणि स्पाइनमधल्या चौघांना चार वर्षं द्या. एका वर्षाच्या करारात उतरणीला लागलेले अनुभवी खेळाडू बसतात, चार वर्षांच्या करारात शिकणारा तरुण हाफ. त्याचं चौथं वर्ष सुरू होण्याआधी, तिसऱ्या हंगामाच्या ऑक्टोबरपर्यंत, त्याचा पुढचा करार करून टाका. नोव्हेंबर उजाडला की त्याची किंमत तुम्ही ठरवत नाही.